केशवराव भोळे यांचें न ऐकूं येणारें संगीत

१९३६ सालच्या डिसेंबर महिन्यांत मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहांत प्रभात फिल्म कंपनीचा 'संत तुकाराम' हा बोलपट लागला आणि त्यानंतर वर्षाहून अधिक काळ तो तेथून हलला नाहीं. त्या बोलपटांत बीज आणि त्यापासून वाढणारा वृक्ष यांच्या दृष्टांतावर रचलेला एक अभंग आहे. हा अभंग तुकोबांचा नव्हे. शांताराम आठवले यांनीं तो बोलपटासाठीं नव्यानें लिहिला आणि केशवराव भोळे यांनीं त्यास चाल लावली. परंतु भजनी मंडळ्यांनीं तो तुकोबांचाच समजून उचलला, आणि मूळ अभंग कोठें सांपडतो हें पाहण्यासाठीं गाथा धुंडाळणारे जाणते लोकहि निघाले, ही हकीकत मराठी चित्रसृष्टींत पुष्कळ वेळां सांगितली गेली आहे. ती सांगतांना आठवल्यांच्या लेखणीची थोरवी गाइली जाते, व ती रास्तच आहे. पण शब्द कितीहि जुन्या वळणाचे असले, तरी चालीला नव्या कारागिरीचा वास आला असता तर एवढे कान फसले नसते. त्या चालीकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं, हेंच तिचें यश होतें.

अशा यशाचें फळ मात्र विचित्र असतें. कृति परंपरेंत मिसळून गेली कीं कर्त्याचें नांवहि तिच्याबरोबर विरघळतें. 'संत तुकाराम' म्हटलें कीं विष्णुपंत पागनीस आठवतात, जिजाईच्या भूमिकेंतील गौरी आठवतात, दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल आठवतात, १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत झालेला गौरव आठवतो. 'कुंकू' म्हटलें कीं शांताराम, शांता आपटे आणि केशवराव दाते डोळ्यांपुढें येतात. संगीतकारांमध्यें गोविंदराव टेंबे आणि मास्टर कृष्णराव यांचीं नांवें जाणत्या घरांतून अजूनहि आदरानें उच्चारलीं जातात. केशवराव भोळ्यांची ओळख मात्र पुष्कळदां 'ज्योत्स्नाबाईंचे यजमान' एवढ्यावर आटोपते. ज्योत्स्ना भोळे यांची कीर्ति सर्वथा योग्य आहे. पुण्यांत हिराबागेंत त्यांच्या नांवाचें सभागृह आहे. पण 'अमृतमंथन', 'संत तुकाराम', 'कुंकू' आणि 'संत ज्ञानेश्वर' हे चार बोलपट १९३४ ते १९४० या अवधींत ज्यानें संगीतानें सजविले, त्याची ओळख अशी परस्पर करून द्यावी लागावी, याचें कारण त्याच्या कामाच्या पद्धतींतच शोधलें पाहिजे.

केशवराव वैद्यकीच्या अभ्यासासाठीं मुंबईस आले आणि तो अभ्यास अर्ध्यावर टाकून गाण्याच्या मागें लागले. ते स्वतः गात, ध्वनिमुद्रिकांसाठींहि गाइले. परंतु आधीं त्यांचें नांव झालें तें लेखक म्हणून, आणि तेंहि स्वतःच्या नांवानें नव्हे. 'वसुंधरा' या साप्ताहिकांत 'एकलव्य' ह्या टोपणनांवानें त्यांनीं तत्कालीन गवयांवर लेख लिहिले. तोंपर्यंत आपल्याकडे गवयांविषयीं जें लिहिलें जाई तें बहुधा स्तुतिपाठाच्या थाटाचें असे. बुवा असे सुरेल कीं गंधर्व लाजावे, बुवांची तान अशी कीं वीज चमकावी, याच्या पलीकडे लेखक जात नसे. एकलव्यानें गळ्याची जात, लयीशीं असलेलें नातें, रागाची मांडणी, लकबी आणि उणिवा यांची चिकित्सा सुरू केली. हे लेख पुढें 'आजचे प्रसिद्ध गायक' या पुस्तकांत एकत्र झाले. टोपणनांवाची निवड बोलकी आहे. गुरूच्या परवानगीवांचून, केवळ दुरून पाहून विद्या मिळविणाऱ्या धनुर्धराचें तें नांव. आणि ज्याला पुढें दुसऱ्याच्या कथेसाठीं चाली बांधावयाच्या आहेत, त्याला ऐकण्याची ही शिस्त दहा उस्तादांच्या तालमीइतकी उपयोगी पडते.

या शिस्तीची पहिली मोठी कसोटी रंगभूमीवर लागली. १ जुलै १९३३ रोजीं मुंबईंत 'नाट्यमन्वंतर' या संस्थेनें 'आंधळ्यांची शाळा' हें नाटक रंगमंचावर आणलें. ब्यर्नसन या नॉर्वेजियन नाटककाराच्या कृतीवरून श्रीधर विनायक वर्तक यांनीं तें लिहिलें होतें. दिग्दर्शन केशवराव दाते यांचें, संगीत केशवराव भोळे यांचें, आणि स्त्रियांच्या भूमिकांत ज्योत्स्ना भोळे व पद्मा वर्तक ह्या स्त्रियाच होत्या. त्या काळच्या प्रेक्षकाला हें सारें किती अपरिचित वाटलें असेल, हें समजण्यासाठीं मागचा थाट आठवावा लागतो. किर्लोस्करांच्या काळीं एका नाटकांत शंभराच्या घरांत पदें असत. पुढें पदें कमी झालीं तरी 'वन्स मोअर'मुळें गाणें वाढत गेलें. नायिका शोकानें कोसळलेली असतांहि तिला उठून तेंच पद दोनदां-तीनदां गावें लागे, आणि पहांटे घरीं परतणारा प्रेक्षक कथानकाविषयीं चकार शब्द न काढतां तानांविषयीं बोलत जाई. त्या वैभवाची टवाळी करण्याचें कारण नाहीं. त्यानें महाराष्ट्राच्या दोन पिढ्यांना रागदारीची गोडी लावली. परंतु नाटक म्हणून त्यांत कांहीं उरलें नव्हतें. भोळ्यांनीं पदें मोजकीं ठेविलीं, तीं लहान केलीं, बोलण्याच्या ओघांतून सहज उगवतील अशा चालींत बसविलीं, आणि प्रसंगाच्या मागें वाद्यसंगीताची पार्श्वभूमि आणली. पुढें ज्याला मराठी माणूस 'भावगीत' म्हणूं लागला, त्याच्या घडणींत ह्या पदांचा वांटा मोठा आहे.

बोलपटानें आरंभीं संगीतनाटकाचाच संसार उचलून नेला होता. प्रभातचा पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा' १९३२ सालीं निघाला, त्यांत हरिश्चंद्राची भूमिका आणि संगीत दोन्ही गोविंदराव टेंब्यांकडे होतीं. म्हणजे रंगभूमीवरचा एक बहुगुणी माणूस यंत्रापुढें उभा राहिला होता. १९३३ सालीं कंपनी कोल्हापुराहून पुण्यास आली आणि तेथील पहिला बोलपट 'अमृतमंथन' भोळ्यांकडे आला. त्यांतील चंद्रमोहनच्या डोळ्यांची जेवढी चर्चा झाली तेवढी संगीताची झाली नाहीं. खरें सांगावयाचें तर त्यांतील कांहीं गाण्यांस रंगभूमीचा दर्प अजून येतो. पियानो, व्हायोलिन यांसारखीं पाश्चात्य वाद्यें हाताळण्याची हौस भोळ्यांना होती. तिचाहि आरंभीं कोठें कोठें अतिरेक जाणवतो.

'संत तुकारामां'त हा सारा अतिरेक गळून पडला. बोलपटाच्या प्रारंभींच तुकाराम विठ्ठलाच्या रूपाचें चिंतन करीत गात असतो. लागलीच पडदा आपणांस देवळांत नेतो; तेथें सालोमालो हा दांभिक कथेकरी तेंच गाणें स्वतःचें म्हणून लोकांपुढें ठासून गात असतो. शब्द तेच, परंतु तुकाराम गातो तेव्हां श्रोता नाहींच असें वाटतें, आणि सालोमालो गातो तेव्हां त्याचा डोळा क्षणभरहि श्रोत्यांवरून ढळत नाहीं. त्याच्या गाण्यांत मुरका आहे, आर्जव आहे, टाळी घेण्याची घाई आहे. चोर कोण आणि धनी कोण, हें संवादाचें एक वाक्यहि खर्ची न घालतां कानांना कळतें. एकलव्यानें गवयांच्या मैफलींत बसून जी पारख केली होती, ती येथें संगीतकाराच्या हातांत हत्यार होऊन आली आहे. गाण्यांत खोटेपणा कसा शिरतो हें ज्यानें बारकाईनें टिपलें आहे, त्यालाच खोटें गाणें इतकें खरें बांधतां येतें.

पागनिसांच्या गाण्याविषयीं दोन शब्द आवश्यक आहेत. तरुणपणीं रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारा हा नट उत्तम भजन म्हणे. त्यांच्या गळ्यांत मोठ्या गवयाचा पल्ला नव्हता. भोळ्यांनीं तो मागितलाहि नाहीं. अभंगाला वारकऱ्याच्या मुखांतील सरळ वळण ठेवून, शब्दाला धक्का लागणार नाहीं इतकीच सुरावट त्यांनीं दिली. पुढें रणजितच्या 'संत तुलसीदास' आणि प्रकाशच्या 'नरसी भगत' या हिंदी बोलपटांतहि पागनिसांनीं संतच उभे केले. पण लोकांच्या लेखीं ते तुकारामच राहिले.

पुढल्याच वर्षीं, १९३७ सालीं, 'कुंकू' आला. नारायण हरि आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून घेतलेली ती कथा. नीरा नांवाच्या तरुण मुलीचें लग्न फसवून एका वृद्ध वकिलाशीं लावलें जातें, आणि ती त्याची पत्नी होण्यास साफ नकार देते. ती रडत नाहीं, पळून जात नाहीं; त्याच घरांत राहून नकार देते. या बोलपटांत शांताराम यांनीं एक असामान्य निर्णय घेतला: पार्श्वसंगीत मुळींच नाहीं. जें ऐकूं येतें तें त्या घरांतलें, त्या गल्लींतलें असलें पाहिजे. भिंतीवरील घड्याळ आहे, दारें-खिडक्यांचे आवाज आहेत, माणसांचीं पावलें आहेत. शोकाच्या क्षणीं सारंगी विव्हळत नाहीं, भांडणाच्या क्षणीं ढोल घुमत नाहीं.

संगीतकाराच्या दृष्टीनें ही अट म्हणजे हातपाय बांधून पोहावयास सांगण्यासारखी आहे. भोळ्यांनीं ती पाळली, एवढेंच नव्हे, तर तिच्यांतून लाभ करून घेतला. पार्श्वसंगीत नसल्यामुळें ज्या थोड्या जागीं कोणी गातें, तेथें तें गाणें घटनेसारखें घडतें. रस्त्यावर गात फिरणाऱ्या भिकाऱ्याचें गाणें घ्या. मास्टर परशुराम या मुलानें तें गाइलें आहे; शब्द पुन्हां आठवल्यांचे, खेडवळ बोलीचे. चाल इतकी साधी कीं ती बांधलेली वाटतच नाहीं. रोज सकाळीं आळींतून जाणारा कोणी गात असावा आणि यंत्रानें तें वाटेंत टिपून घेतलें असावें, असा भास होतो.

याच बोलपटांत नीरेच्या तोंडीं एक इंग्रजी गाणें आहे. लाँगफेलो या अमेरिकन कवीनें १८३८ सालीं लिहिलेली, जीवनाच्या रणांत मुकाट गुरांसारखें न वागतां झुंजण्याचा उपदेश करणारी ती प्रसिद्ध कविता. शांता आपटे यांनीं ती गाइली. मराठी बोलपटांत मराठी घरांतील विवाहित मुलगी इंग्रजी गाणें म्हणते, ही कल्पना आजहि कित्येकांस हास्यास्पद वाटेल. पण कथेंत तिचें काम मोठें आहे. ज्या भाषेंतून नवें शिक्षण आलें, त्या भाषेंतूनच नकाराचें बळ येतें. चालीचा प्रश्न मात्र बिकट होता. मराठी पद्य मात्रांवर किंवा अक्षरांच्या लघुगुरुत्वावर चालतें. इंग्रजी पद्य आघातावर चालतें. भोळ्यांना सोय एवढीच होती कीं या कवितेची ओळ चार आघातांची आहे आणि तिचा पहिलाच शब्द जोरानें उठतो, त्यामुळें ती आपल्या चार मात्रांच्या चालीला परकी वाटत नाहीं. त्यांनीं परदेशी गाण्याची नक्कल केली नाहीं आणि इंग्रजी शब्दांना रागाचा अंगरखाहि चढविला नाहीं. मुलगी शाळेंत शिकलेली कविता स्वतःच्या सुरांत म्हणते आहे, इतकेंच वाटतें.

मास्टर कृष्णराव ह्याच कंपनींत 'गोपाळकृष्ण' आणि 'माणूस' यांना चाली देत होते. त्यांचें गाणें बोलपटांतून बाहेर काढून घरीं नेतां येई. ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूच्या तीन-सव्वातीन मिनिटांत तें स्वयंपूर्ण असे, आणि म्हणून तें टिकलें. भोळ्यांचीं गाणींहि मुद्रित झालीं, गाजलीं; पण त्यांचें अर्धें मोल प्रसंगांत राहून जातें. सालोमालोचें गाणें तुकारामाच्या गाण्याशेजारीं नसेल तर त्यांत ऐकण्यासारखें काय उरलें? गाणें किती खपलें यावर संगीतकाराची किंमत करण्याची रीत तेव्हां रुजूं लागली, ती अद्याप चालू आहे. त्या तराजूंत भोळे हलके ठरणारच. आतां तर वाशीच्या किंवा पनवेलच्या घरांत बसून हातांतल्या भ्रमणध्वनीवर हे बोलपट पाहतां येतात, ही सोय मोठी आहे. पण त्या एवढ्याशा कर्ण्यांतून 'कुंकू'मधील घड्याळ आणि पावलें जवळजवळ ऐकूं येत नाहींत, आणि तीं न ऐकतां गाणीं ऐकणें म्हणजे चौकट फेकून चित्र पाहणें होय.

'संत ज्ञानेश्वर' १९४० सालीं आला व लोकप्रिय झाला. त्याचें संगीत गोड आहे. कदाचित् जरुरीपेक्षां अधिक गोड. तुकारामाच्या संसाराला जी खरबरीत बाजू होती, जिजाईच्या तोंडाळपणाची जी जोड अभंगाला मिळाली होती, ती येथें नाहीं, आणि चमत्कारांच्या गर्दींत भोळ्यांनाहि मंजुळपणाचा आश्रय घ्यावा लागला.

पुढें ते पुन्हां लेखणीकडे वळले. 'संगीताचे मानकरी' हें त्यांचें पुस्तक नांवाजलेलें आहे. त्याहून कमी वाचलें गेलेलें पुस्तक 'माझें संगीत : रचना आणि दिग्दर्शन'. नाटक-बोलपटांतील स्वतःच्या चालींविषयीं संगीतकारानेंच लिहिलेलीं अशीं पुस्तकें मराठींत फार थोडीं आहेत. जुन्या ग्रंथालयांतून तें अजून मिळूं शकतें. तें जवळ ठेवून, अंधाऱ्या खोलींत, चांगल्या कर्ण्यावर एकदां 'कुंकू' पाहावा. आणि गाण्यांच्या आधींची शांतता ऐकावी.