बेंगळुरूची वस्त्रकला : कुलवृत्तीपासून व्यवसायापर्यंत

इ.स. 1537 मध्ये केंपेगौडा यांनी बेंगळुरूची पेठ वसवली, तेव्हा तिची रचनाच व्यवसायांना धरून झाली. अक्कीपेठेत तांदूळ, बळेपेठेत बांगड्या, अरळेपेठेत कापूस. पेठांची ही नावे आजही टिकून आहेत. चिकपेठ आणि तिच्या आसपासच्या गल्ल्यांतून कापड व रेशीम यांचा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. आज संगणकनगरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शहराची एक जुनी ओळख सुताची आणि रंगाचीही आहे; आणि त्या ओळखीत मराठी माणसाचा वाटा आहे.

1638 मध्ये विजापूरच्या फौजांनी बेंगळुरू जिंकले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. पुढे सुमारे अर्धशतक येथे भोसल्यांचा अंमल राहिला. 1687 मध्ये शहर मोगलांच्या हाती पडून लवकरच म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयर यांच्याकडे गेले. राज्य गेले, तरी या मुलखात मराठी भाषा मात्र राहिली. कर्नाटकात स्थिरावलेल्या मराठी समाजांपैकी भावसार आणि नामदेव शिंपी हे दोन समाज कापडाशी विशेष जोडलेले. कापड रंगवणे, छापणे आणि शिवणे हीच त्यांची परंपरागत वृत्ती. घरात मराठी आणि बाजारात कन्नड, अशा दोन भाषांत त्यांचा संसार चालला.

1800 मध्ये फ्रान्सिस बुकानन हा स्कॉटिश अधिकारी म्हैसूर प्रांत पाहत बेंगळुरूस आला. येथील विणकर, त्यांचे माग आणि रंग देण्याच्या पद्धती यांची त्याने तपशीलवार नोंद केली. एरवी ही विद्या कागदावर नव्हतीच. निळीचे पिंप कधी तयार झाले, हे वासावरून आणि वर येणाऱ्या फेसावरून ओळखायचे. मुलाने बापाशेजारी बसून ते शिकायचे. या शिक्षणाला शुल्क नव्हते, पण निवडही नव्हती. रंगाऱ्याचा मुलगा रंगारीच होई. मुली आणि सुना कामात रात्रंदिवस राबत, तथापि कारागीर म्हणून त्यांची गणना कोणी केली नाही.

एकोणिसाव्या शतकात ही घडी विस्कटली. 1856 मध्ये विल्यम पर्किन या तरुण इंग्रज रसायनशास्त्रज्ञाला कृत्रिम जांभळा रंग सापडला आणि 1897 पासून जर्मनीत कृत्रिम नीळ व्यापारी प्रमाणावर तयार होऊ लागली. जे साधायला आयुष्य लागे, ते आता डब्यातल्या पुडीत मिळू लागले. 1884 मध्ये बेंगळुरूतच लोकर, सूत व रेशीम यांची मोठी गिरणी उभी राहिली. रंगाऱ्यांच्या अनेक घरांनी भट्टी विझवून शिवणयंत्र जवळ केले. पोट भरले, मात्र पिढ्यांचे रंगज्ञान त्या भट्टीबरोबर विझत गेले.

याच काळात एक कला घराच्या उंबऱ्याआड टिकून राहिली. धारवाड परिसरातील स्त्रिया इरकली लुगड्यावर कसूतीचे भरतकाम करीत. इरकली लुगडे आणि गुळेदगुड्डचा खण ही दोन्ही वस्त्रे कर्नाटकात विणली जातात. महाराष्ट्रातील घरांनी मात्र ती आपलीच मानली. कसूतीत कापडावर आधी नक्षी काढून घेत नाहीत. कापडाचे धागे मोजायचे आणि सुई घालायची. गवंती, मुरगी, नेयगी आणि मेंथी हे तिचे चार टाके. गवंती व मुरगीत गाठ न मारता असे भरतात की, कापडाची उलट आणि सुलट बाजू सारखीच दिसावी. गोपुर, रथ, हत्ती, मोर, तुळशीवृंदावन हे सारे केवळ मोजणीतून कापडावर उतरते. एक धागा चुकला की पुढची सारी नक्षी बिघडते. एवढे गणित डोक्यात बाळगणाऱ्या स्त्रीला त्या काळी ‘शिकलेली’ म्हणत नसत, ही इतिहासातील विसंगती नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

स्वातंत्र्यानंतर या कलांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. तिचे मोठे श्रेय मंगळूरच्या सारस्वत घराण्यात 1903 मध्ये जन्मलेल्या कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्याकडे जाते. 1952 मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय हस्तकला मंडळाची धुरा त्यांनी वाहिली. या मंडळाने दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि बेंगळुरू येथे संकल्पन केंद्रे काढली. त्याच दशकात पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने विणकर सेवा केंद्रे सुरू झाली. चित्रकारांनी मागकरांशेजारी बसून नवे नमुने सिद्ध करावेत, ही त्यामागील कल्पना. नागावचे प्रभाकर बरवे यांच्यासारख्या श्रेष्ठ मराठी चित्रकाराने वाराणसी आणि मुंबईच्या केंद्रांत अनेक वर्षे नोकरी केली. वस्त्रसंकल्पन हा जन्माने न मिळता शिकून मिळवायचा व्यवसाय होऊ शकतो, हे या संस्थांनी प्रथमच दाखवून दिले.

बेंगळुरूत त्याचे बोलके उदाहरण म्हणजे ‘विमोर’. राज्य शासनाच्या ‘कावेरी’ हस्तकला भांडारात अनुभव घेतलेल्या चिमी नंजप्पा आणि त्यांची कन्या पवित्रा मुद्दय्या या दोघींनी 1974 मध्ये हे काम आरंभले. जुन्या घराण्यांतील साड्या अभ्यासायच्या, त्यांचे काठपदर समजून घ्यायचे आणि विणकरांकडून ते पुन्हा विणून घ्यायचे, अशी त्यांची पद्धत. आपले नमुने कुलूपबंद न ठेवता विणकरांना ते इतर ग्राहकांसाठीही विणू देणे, हे त्यांच्या कामाचे वेगळेपण. विणकराचा माग वर्षभर चालला तरच कला जगेल, हे त्यामागचे साधे अर्थशास्त्र. पवित्रा मुद्दय्या यांना पुढे नारीशक्ती पुरस्काराने गौरवण्यात आले.

दुसरे उदाहरण बल्लारी परिसरातील संडूरचे. हे घोरपडे या मराठा घराण्याचे संस्थान. तेथील संडूर कुशल कला केंद्राने लंबाणी स्त्रियांच्या भरतकामाला बाजारपेठ मिळवून दिली आणि या कलेला भौगोलिक मानांकनही लाभले. एकेकाळी स्वतःच्या घागरा-चोळीपुरते असलेले आरशांचे आणि कवड्यांचे काम त्यांच्या हाती रोख मजुरी देऊ लागले.

या साऱ्या प्रवासातून एक प्रश्न मात्र शिल्लक राहतो. वस्त्रावर नाव संकल्पकाचे येते, दुकानाचे येते. टाका घालणारी बहुधा अनामिकच राहते. हाताने भरलेल्या साडीला किती दिवस लागले हे न विचारता भाव करणारा ग्राहक आणि यंत्रावर छापलेली नक्षी ‘हस्तकला’ म्हणून विकणारा व्यापारी, हे दोघेही तिच्या कष्टाचे मोल कमी करतात. या क्षेत्रात जीवन घडवू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला म्हणूनच केवळ चित्रकला येऊन भागणार नाही. त्याला धाग्याची जात ओळखता आली पाहिजे, कामाचे तास मोजता आले पाहिजेत, खर्च आणि मजुरी धरून किंमत मांडता आली पाहिजे आणि कारागिराचा वाटा प्रामाणिकपणे देता आला पाहिजे.

1937 मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योग हा शिक्षणाचा केंद्रबिंदू असावा, असा विचार मांडला. पुढे शाळांच्या वेळापत्रकात शिवण आणि सूतकताईचे तास आले, आणि परीक्षेच्या धबडग्यात ते मागेही पडले. कसूतीच्या चौकटीत अंकगणित आहे, निळीच्या पिंपात रसायनशास्त्र आहे आणि पेठेच्या नावांत इतिहास आहे. अभ्यासात मागे पडणाऱ्यांची सोय म्हणून हस्तकलेकडे पाहणे शाळांनी आणि पालकांनी सोडून दिले, तर पूर्वी जी वृत्ती जन्माने गळ्यात पडत असे, तीच उद्याची मुले-मुली आपल्या आवडीने आणि अभिमानाने निवडतील.