मुक्या रोग्यांचे वैद्य आणि त्यांची लेखणी

माणसाचा वैद्य आणि जनावराचा वैद्य यांच्या व्यवसायांत एक मूलगामी भेद आहे, आणि तो औषधांचा वा शस्त्रांचा नसून साक्षीचा आहे. माणूस आपले दुखणे सांगतो, उपचाराने बरे वाटले की नाही हेही सांगतो, आणि वैद्याने फसविले असे वाटल्यास चारचौघांत त्याची कैफियतही मांडतो. परंतु कुत्रे, मांजर वा घोडे यांच्या उशाशी जे दोघे उभे असतात त्यांपैकी एकाला व्याधीचे ज्ञान नसते आणि दुसऱ्याच्या ज्ञानाचा पडताळा पाहण्याचे साधन पहिल्यापाशी नसते. ज्याच्या शरीरावर सर्व काही घडते तो तर मुकाच असतो. यास्तव हा सारा व्यवहार प्रारंभापासून विश्वासावर चालत आला, आणि हा विश्वास संपादन करण्याकरिता या व्यवसायातील माणसांना औषधाच्या पेटीबरोबर लेखणीही हाती धरावी लागली. कोणाच्या लेखणीला विश्वास लाभला आणि कोणाच्या लेखणीने केवळ गिऱ्हाईक मिळविले, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

आपल्याकडे हा प्रश्न प्रथम घोड्यापुरताच उद्भवला, आणि तो सोडविला दफ्तराने. सभासदाच्या बखरीत शिवछत्रपतींच्या पागेची जी व्यवस्था वर्णिली आहे तीत पंचवीस बारगीर घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला आढळतो. घोडा सरकारचा, नालबंदही सरकारचा, आणि दोहोंवर हवालदाराची नजर. अशा व्यवस्थेत उपचार करणाऱ्याने धन्याचे मन वळविण्याचा प्रश्नच नव्हता. शालिहोत्राच्या नावाने चालत आलेली अश्वविद्या या देशात फार प्राचीन, आणि त्याच नावावरून घोड्यांच्या वैद्याला सालोत्री म्हणण्याचा प्रघात कंपनी सरकारच्या रिसाल्यांपर्यंत टिकून राहिला. हत्तींकरिता पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद होता. तो ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ साली छापून प्रसिद्ध केला. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या मानसोल्लासात तर सारमेयविनोद असे कुत्र्यांविषयीचे स्वतंत्र प्रकरणच आहे. तथापि हे सर्व राजाच्या घरचे प्राणी. उंबऱ्यावर झोपणारे कुत्रे आजारी पडले असता त्याला कोणाकडे न्यावे, याचे उत्तर ना पागेत होते ना दफ्तरात.

ते उत्तर शोधण्याचा पहिला सलग प्रयत्न लंडन शहरात झाला. पशुवैद्यकाचे पहिले विद्यालय क्लोद बूर्झला याने १७६१ साली फ्रान्समधील ल्याँ येथे स्थापन केले आणि तीस वर्षांनी, १७९१ मध्ये, लंडनचे विद्यालय निघाले; परंतु या विद्यालयाचे लक्ष प्रामुख्याने घोड्यावर होते, कारण फौज, डाकगाड्या आणि शेती यांचा भार घोड्याच्या पाठीवर होता, आणि कुत्र्याला औषध देणे हे सुशिक्षित माणसाच्या प्रतिष्ठेला कमीपणा आणणारे काम समजले जाई. परिणाम असा झाला की शिकारखान्याचे नोकर, तबेल्यातले नालबंद आणि गुप्त पुड्या विकणारे भटके यांच्याच हाती हा व्यवसाय राहिला. डिस्टेंपर या कुत्र्यांच्या सांथीने तर तेथे घरोघर धुमाकूळ घातला होता. देवीची लस शोधणाऱ्या एडवर्ड जेन्नरसारख्या वैद्यालाही १८०९ मध्ये या रोगावर निबंध लिहावासा वाटला, यावरून त्याची व्याप्ती ध्यानी यावी.

अशा वेळी डेलाबेअर ब्लेन नावाच्या गृहस्थाने कुत्र्यांच्या वैद्यकीलाच आपला व्यवसाय केले. त्याने १८०६ साली डिस्टेंपरवर एक छोटे पुस्तक काढले. त्यात रोगाचे वर्णन होते आणि त्यावर सापडलेल्या गुणकारी उपायाची हकीकत होती, आणि त्याच उपायाची पूड त्याच्या नावाने बाजारात विकतही मिळत असे. पुस्तक आणि पूड ही एकाच दुकानाची दोन दारे होती, हे मान्य करूनही ब्लेनला केवळ पुडीवाला म्हणणे अन्यायाचे होईल. पुढे १८१७ मध्ये त्याने श्वानरोगांवर जो विस्तृत ग्रंथ लिहिला, त्यामुळे इंग्लंडात या शास्त्राचा जनक म्हणून त्याचे नाव घेतले जाते. मनुष्य आपला माल खपविण्याकरिता लिहू लागतो आणि लिहिता लिहिता विषयाचाच होऊन जातो, असे विद्येच्या इतिहासात पुष्कळदा घडलेले आहे.

परंतु या कथेतला माझ्या मते खरा थोर पुरुष म्हणजे ब्लेनचा भागीदार विल्यम यूआट. धर्मोपदेशकाच्या वृत्तीकरिता शिकलेला हा मनुष्य पस्तिशी उलटल्यावर या व्यवसायात शिरला. लंडनच्या पशुवैद्यक विद्यालयाचा प्रमुख कोलमन याच्याशी न पटल्यामुळे तेथील पदवी त्याला मिळाली नाही, आणि ती सनद हाती यावयास १८४४ साल, म्हणजे त्याच्या मृत्यूपूर्वी अवघी तीन वर्षे, उजाडावे लागले. दरम्यानच्या काळात ज्याच्यापाशी सनद नाही त्या या वैद्याकडे लोक आपली जनावरे विश्वासाने आणीत राहिले, याचे कारण त्याच्या लेखनात शोधावे लागते. १८२८ मध्ये सुरू झालेल्या ‘द व्हेटरिनेरियन’ या मासिकात तो सातत्याने लिहीत होता आणि पुढे त्याचे संपादनही त्याने केले. आपल्याकडे आलेल्या रोग्यांची टिपणे तो तेथे छापी, आणि त्यांत बरे झालेले रोगी जितके असत तितक्याच मोकळेपणाने मेलेलेही असत. मृत शरीर उघडून पाहिल्यावर आत काय आढळले याचा दाखलाही तो देई. ज्या व्यवसायात आजवर प्रत्येकजण केवळ आपल्या यशाचे ढोल वाजवीत आला होता, त्यात आपल्या हातून न वाचलेल्या जनावराची हकीकत स्वतःच्या नावानिशी प्रसिद्ध करणे हे केवढे धाडस होते, याची कल्पना आज येणे कठीण आहे.

पिसाळ रोगाच्या बाबतीत तर त्याची लेखणी विशेष तळमळीने चालली. कुत्र्याच्या जिभेखाली दोरीसारखा एक तंतू असतो. तो किडा आहे आणि तो पिलूपणीच कापून काढला म्हणजे कुत्रे पिसाळत नाही, अशी समजूत प्लिनीच्या काळापासून युरोपात रूढ होती, आणि हे कापण्याचे काम करून पैसे घेणारी मंडळी गावोगाव होती. यूआटने आपल्या लेखनातून या क्रूर आणि निरर्थक प्रथेचा निषेध केला. हा रोग आपोआप उद्भवत नाही, तर चावणाऱ्या जनावराच्या लाळेतून पसरतो, यास्तव राज्यातील सर्व कुत्री काही महिने एकमेकांपासून अलग ठेवली तर रोगाचे मूळच खणून निघेल, असे त्याने आग्रहाने प्रतिपादिले. तो स्वतः अशा जनावरांच्या सहवासात वावरत असे, त्याला अनेकदा चावे बसले, आणि प्रत्येक वेळी त्याने जखम सिल्व्हर नायट्रेटच्या कांडीने जाळून घेतली. तो हे लिहून ठेवी, आणि वाचकाला सांगितलेला उपाय त्याने आधी स्वतःच्या हातावर केलेला असे. त्याच्या मृत्यूनंतर अर्धे शतक लोटल्यावर इंग्रज सरकारने कुत्र्यांना मुसक्या बांधण्याचे आणि परदेशातून येणारी कुत्री अलग ठेवण्याचे कडक नियम अमलात आणले, आणि १९०२ पर्यंत त्या बेटावरून हा रोग हद्दपार झाला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस तो एकदा पुन्हा शिरला आणि पुन्हा निपटला गेला.

एकोणिसाव्या शतकाच्याच उत्तरार्धात दुसऱ्या प्रकारचे लेखनही भरभराटीस आले. जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन व्यापाऱ्याने लंडनमध्ये कुत्र्यांकरिता खास बिस्किटे तयार केली, १८६१ च्या सुमारास त्यांचे पेटंट घेतले, आणि जाहिरातीच्या बळावर कुत्र्याला घरचे उष्टे घालणे म्हणजे जणू अपराध, असा समज मध्यमवर्गीय धन्यांच्या मनात रुजविला. बिस्किटांत कोठले मांस घातले जाते हे त्याने कोणासही सांगितले नाही. याच कंपनीत नोकरीस लागलेल्या चार्ल्स क्रफ्टने पुढे १८९१ मध्ये आपल्या नावाचे श्वानप्रदर्शन सुरू केले, आणि ते आजही जगप्रसिद्ध आहे. स्प्रॅटचा माल वाईट होता असे म्हणण्यास मजपाशी आधार नाही. परंतु जे लेखन वाचकाला सर्व काही सांगते आणि नेमकी एक गोष्ट राखून ठेवते, त्याने खप वाढला तरी विद्या तसूभरही वाढत नाही.

विद्या कशी वाढते याचा दाखला पाहावयाचा तर डिस्टेंपरकडेच परत यावे लागते. आंरी कारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९०५ मध्ये हा रोग अतिसूक्ष्म, गाळणीतूनही निसटणाऱ्या विषाणूमुळे होतो असे दाखविले होते, तथापि अनेक वर्षे ते मत सर्वमान्य झाले नाही. १९२३ साली ‘द फील्ड’ या शिकार आणि ग्रामजीवनाला वाहिलेल्या इंग्रजी साप्ताहिकाने या रोगाच्या संशोधनाकरिता निधी उभारण्याचे आवाहन आपल्या वाचकांना केले. हे आवाहन सोपे नव्हते. कुत्र्यांवर प्रयोग करण्यास बंदी घालावी याकरिता इंग्लंडात प्रबळ चळवळ चालू होती, आणि ज्यांच्याकडे पैसा मागावयाचा ते सगळे कुत्र्यांवर जीव टाकणारे लोक. कुत्री वाचविण्याकरिता काही कुत्र्यांना रोग देणे भाग आहे, हे कटु सत्य त्यांच्यापुढे ठेवूनच ही मदत मिळवावयाची होती, आणि ती मिळाली. मिल हिल येथील प्रयोगशाळेत पॅट्रिक लेडलॉ आणि जॉर्ज डंकिन यांनी विषाणूचे मत निर्विवाद सिद्ध केले आणि ते दशक संपता संपता प्रतिबंधक लस तयार केली. या कामात मुंगसासारखा दिसणारा फेरेट हा प्राणी फार उपयोगी पडला. आणि त्याच प्राण्यावरील अनुभवाच्या जोरावर लेडलॉ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३३ मध्ये माणसाच्या इन्फ्ल्युएन्झाचा विषाणू ओळखला. कुत्र्यांच्या धन्यांनी दिलेल्या वर्गणीचे फळ अशा रीतीने मनुष्यजातीच्या पदरात पडले.

आता मुंबईकडे वळू. येथे दया होती, विद्या नव्हती. भटकी कुत्री मारण्याचा कंपनी सरकारचा हुकूम अंमलात येत असता १८३२ च्या जून महिन्यात पारशी मंडळींनी दंगा केला, बाजार बंद पडले, आणि हिंदू व जैन व्यापारीही त्यांना मिळाले; या उद्रेकानंतर १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने पांजरपोळ उभी राहिली. पांजरपोळीत जनावराला चारा आणि आसरा होता, परंतु त्याच्या रोगाला उपाय नव्हता. ती उणीव १८८३ मध्ये दिनशा माणेकजी पेटिट यांच्या औदार्याने परळ येथे स्थापन झालेल्या बाई साकरबाई पशुरुग्णालयाने भरून काढली, आणि त्याच आवारात १८८६ साली मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले.

या महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील यांचे नाव मराठी वाचकाला जवळजवळ अपरिचित आहे, याची मला खंत वाटते. फौजेतील पशुवैद्य म्हणून हिंदुस्थानात आलेल्या या तरुण माणसाने फ्रेडरिक स्मिथ या सहकाऱ्यासह १८८२ च्या सुमारास येथील पशुवैद्यकाला वाहिलेले एक त्रैमासिक काढले, कारण दूरदूरच्या छावण्यांत एकाकी पडलेल्या वैद्यांनी आपले अनुभव कोठेतरी नोंदवावेत आणि ताडून पाहावेत असे त्यांना वाटत होते. हाच स्मिथ पुढे आपल्या शास्त्राच्या वाङ्मयाचा श्रेष्ठ इतिहासकार झाला. ब्रह्मदेशात लष्करी खेचरांवर कोसळलेल्या एका गूढ रोगाच्या तपासाकरिता १८८५ मध्ये स्टीलला पाठविण्यात आले, तेव्हा पंजाबच्या सरहद्दीवर ग्रिफिथ एव्हान्सने पाच वर्षांपूर्वी सर्रा रोगाच्या घोड्यांच्या रक्तात पाहिलेला सूक्ष्म जीव त्यालाही आढळला. एव्हान्सचे म्हणणे वरिष्ठांनी मानले नव्हते. स्टीलने ते खरे ठरविले आणि त्या जीवाला स्वतःचे नव्हे तर एव्हान्सचे नाव दिले, आणि ते शास्त्रात आजही कायम आहे. बैल, हत्ती आणि कुत्रा या तिन्ही प्राण्यांच्या रोगांवर त्याने स्वतंत्र ग्रंथ लिहिले. पैकी श्वानरोगांवरचा ग्रंथ १८८८ चा, म्हणजे परळच्या महाविद्यालयाची घडी बसविताना लिहिलेला. १८९१ साली, वयाची चाळिशीही गाठण्यापूर्वी, त्याचा अंत झाला. त्याच्या नावाचे स्मृतिपदक इंग्लंडातील पशुवैद्यांची सनदी संस्था देऊ लागली.

स्टीलचे सारे लेखन इंग्रजीत आणि वैद्यांकरिता होते, आणि त्याच्या काळी ते तसेच असणे साहजिक होते. परंतु आज पुण्यात, मुंबईत, नाशकात वा कोल्हापुरात जो मनुष्य आपले कुत्रे दवाखान्यात नेतो किंवा परगावी जाताना सांभाळणाऱ्याच्या स्वाधीन करतो, तो मराठीत विचार करतो आणि मराठीतच घाबरतो. चावा बसल्यावर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन ताबडतोब लस टोचून घ्यावी, जखमेत हळद वा मिरची भरू नये; पिलाला डिस्टेंपरची लस केव्हा द्यावी; कोणत्या दुखण्यात वैद्याचेही काही चालत नाही आणि उपचाराला किती खर्च येईल; आपल्याकडे आलेली कोणती जनावरे वाचली आणि कोणती गेली, हे सर्व मराठी पशुवैद्यांनी आणि प्राणी सांभाळण्याचा व्यवसाय करणाऱ्यांनी आपल्या नावानिशी, यूआटच्या मोकळेपणाने, मराठीत लिहावे, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.