वेताळाच्या जुन्या अंकांचें मोल

‘जुनें तें सोनें’ ही म्हण मराठी माणसाच्या तोंडीं सदैव असते; परंतु जुन्या वस्तूंचा पारखी ती शब्दशः खरी मानीत नाहीं. महाड तालुक्यांत रायगड किल्ला आहे. १६७४ च्या जून महिन्यांत तेथें शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला. त्यांच्या नांवाचीं जीं नाणीं प्रसिद्ध आहेत, त्यांत सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई हीं दोन मुख्य. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ हीं अक्षरें दोहोंवरहि आहेत. होनाचें वजन तीन ग्रॅमांहूनहि कमी. तथापि त्याची किंमत तितक्या वजनाच्या सोन्याच्या कित्येक पट होते. शिवराई मात्र महाराजांच्या मागूनहि पिढ्यान्‌पिढ्या निरनिराळ्या टांकसाळींत पडत राहिली, आणि म्हणून साधी शिवराई आजहि थोडक्या रुपयांत मिळते. नांव तेंच, पूज्यभावहि तोच. अंतर पडतें तें किती नाणीं मागें उरलीं यामुळें. वस्तूचें वय हें तिचें मोल नव्हे, हा पहिला धडा रायगडच्या पायथ्याशींच मिळतो.

हाच धडा कागदाच्या एका अगदीं क्षुल्लक समजल्या गेलेल्या वस्तूस लागू पडतो. ती वस्तु म्हणजे मुलांच्या जुन्या चित्रकथा, ज्यांना सर्वत्र कॉमिक्स म्हणतात.

अमेरिकेंत १९३८ सालीं ‘ॲक्शन कॉमिक्स’ नांवाच्या मासिकाचा पहिला अंक निघाला. किंमत १० सेंट. मुखपृष्ठावर एक बलदंड पुरुष मोटारगाडी डोक्यावर उचलून आपटीत आहे, असें चित्र होतें. तोच सुपरमॅन. जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांनीं तो निर्माण केला आणि त्याचे हक्क अवघ्या १३० डॉलरांस प्रकाशकांस देऊन टाकले. त्या अंकाची एक प्रत २०२४ सालीं लिलांवांत ६० लाख डॉलरांस विकली गेली. दहा सेंटांच्या कागदाचें हें रूपांतर पाहून कोणासहि आश्चर्य वाटेल. पण त्याचीं कारणें शोधूं लागलें म्हणजे आश्चर्य ओसरतें.

पहिलें कारण असें कीं, त्या अंकांत एका नव्या प्रकारच्या नायकाचा जन्म झाला. संग्राहक ‘प्रथम दर्शना’स फार मान देतात. १९३९ च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७ व्या अंकांत बॅटमॅन प्रथम आला, त्या अंकास जें मोल आहे तें त्याच्या मागच्या-पुढच्या अंकांस नाहीं. दुसरें कारण नाशाचें. ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाच्या सुमारें दोन लाख प्रति छापल्या गेल्या असें मानतात, आज त्यांपैकीं शंभराच्या आसपास उरल्या असाव्यात असा जाणकारांचा अंदाज आहे. दुसऱ्या महायुद्धांत रद्दी कागद गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या आणि मुलांनीं आपले अंक देशासाठीं देऊन टाकले. पुढें १९५४ सालीं डॉ. फ्रेडरिक वर्थम यांनीं या चित्रकथांमुळें मुलें बिघडतात असें सांगणारा ग्रंथ लिहिला. त्या सुमारास कित्येक ठिकाणीं अंकांच्या होळ्याहि झाल्या. तिसरें कारण कागदाचें. हे अंक लांकडाच्या लगद्याच्या हलक्या कागदावर छापलेले असत. तो कागद आपल्याच अंगच्या आम्लानें पिंवळा पडतो आणि ठिसूळ होतो. वस्तु लाखांनीं निर्माण झाली, सर्वांनीं ती तुच्छ मानली, आणि म्हणून ती शेंकड्यांवर आली. पुढें तींच मुलें मोठीं झालीं, त्यांच्या हातांत पैसा आला आणि बाळपण परत मिळविण्याची इच्छा झाली. दुर्मिळता आणि ओढ या दोन गोष्टी एकत्र आल्यावांचून किंमत चढत नाहीं. नुसती दुर्मिळ पण कोणासहि नको असलेली पुस्तकें रद्दीवाल्याकडे पुष्कळ आहेत.

महाराष्ट्रांत याच जातीचा इतिहास घडला तो ‘इंद्रजाल कॉमिक्स’च्या निमित्तानें. मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनीं मार्च १९६४ मध्यें ही मालिका सुरू केली. तिचा पहिला नायक ‘फँटम’. ली फॉक या लेखकाचा हा नायक अमेरिकन वर्तमानपत्रांत १९३६ सालींच, म्हणजे सुपरमॅनच्याहि दोन वर्षें आधीं, अवतरला होता. त्याच्या अंगीं कोणतीहि दैवी शक्ति नाहीं. बापामागून मुलगा तोच वेष चढवितो, आणि भोळ्या लोकांस वाटतें कीं हा पुरुष शतकानुशतकें अमरच आहे. मूळ कथेंतील देशाचें नांव ‘बंगाल’ या नांवाशीं फार जुळतें म्हणून भारतीय अंकांत तें ‘डेंकाली’ असें करण्यांत आलें. इंग्रजीबरोबरच मराठी व इतर देशी भाषांतूनहि अंक निघूं लागले, आणि मराठींत फँटमचा ‘वेताळ’ झाला.

हें नामकरण मोठें मार्मिक होय. कोंकणांत वेताळ हा परका नाहीं. गांवाच्या शिंवेवर रात्रीं गस्त घालणारा राखणदार, ज्याच्या पायांतील वहाणा चालून चालून झिजतात म्हणून भाविक नव्या वहाणा अर्पण करतात, असा तो देव आहे. वेंगुर्ल्यानजीकच्या आरवली येथील वेतोबाचें स्थान यासाठीं प्रसिद्धच आहे. रानांतून रात्रीं संचार करणारा आणि दुर्जनांस धाक घालणारा अमेरिकन नायक या नांवानें कोंकणच्या मुलांपुढें आला तेव्हां त्याची ओळख करून देण्याची गरजच पडली नसावी. मुखपृष्ठें गोविंद ब्राह्मणिया यांच्यासारख्या चित्रकारानें रंगविलेलीं असत. १९७६ सालीं आबिद सुरती यांनीं ‘बहादूर’ हा अस्सल भारतीय नायक निर्माण केला. दरोडेखोराचा हा पुत्र गांवाच्या रक्षणाचें व्रत घेतो. अशा रीतीनें आठशेंहून अधिक अंक निघून १९९० सालीं ही मालिका बंद पडली.

आतां या अंकांचें मोल कशावर ठरतें तें पाहूं गेल्यास अमेरिकेंतलेंच गणित निराळ्या आंकड्यांनीं पुनः दिसतें. आरंभींचे अंक सर्वांत हवेसे. बहादूरचा पहिला अंक हवासा. आणि अंक जितका निर्दोष तितकी त्याची योग्यता अधिक. अमेरिकेंत २००० सालापासून अंकांस दहापैकीं गुण देऊन त्यांस पारदर्शक पेटींत बंद करणारी संस्थाच आहे. आपल्याकडे पारख हातानें आणि डोळ्यांनीं होते. मुखपृष्ठ मूळचें आहे काय, मधलीं पानें जागेवर आहेत काय, तारेचे टांके गंजले आहेत काय, कोडीं शाईनें सोडविलीं आहेत काय, वाचनालयाचा शिक्का बसला आहे काय, हें पाहिलें जातें. हौशीनें दहा-बारा अंक एकत्र बांधून कडा कापल्या असल्यास जाणता संग्राहक हळहळतो. फाटलेलें पान चिकटपट्टीनें जोडणें हा उपकार नव्हे. पट्टीचा डिंक कालांतरानें कागदास तपकिरी डाग पाडतो.

येथें एक भेद ध्यानांत घेण्यासारखा आहे. अनंत पै यांची ‘अमर चित्रकथा’ १९६७ सालीं सुरू झाली. पोलादपूर तालुक्यांतील उमरठचे वीर तानाजी मालुसरे यांचीहि कथा त्या मालेंत आहे. तानाजींचें नांव महाराष्ट्रांत वेताळाहून शतपट मोठें. परंतु ‘अमर चित्रकथा’ पुनःपुन्हां छापली गेली, म्हणून तेथें केवळ पहिल्या आवृत्तीसच मोल चढतें. इंद्रजालची छपाई थांबली ती थांबलीच. नायकाची थोरवी आणि अंकाची किंमत या दोन वेगळ्या गोष्टी होत.

मराठी अंकांची गोष्ट इंग्रजी अंकांहूनहि नाजूक आहे. इंग्रजी अंक शहरांतील कपाटांतून राहण्याचा संभव अधिक. मराठी अंक गांवोगांव फिरले. महाड आणि पोलादपूर हीं दोन्ही गांवें मुंबई-गोवा रस्त्यावर; चाकरमाने मुंबईहून येत तेव्हां खाऊबरोबर असा एखादा अंक येणें साहजिक होतें. तो एका घरांत राहत नसे. आळीभर फिरे, शेवटीं पाठकोरा कागद म्हणून वाण्याच्या पुडीस जाई. जो वांचला त्यास पावसाशीं गांठ होती. या भागांत वर्षास तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. चार महिने भिंती ओल्या, कपड्यांस बुरशी, तेथें कागदाची काय कथा? शिवाय महाबळेश्वरीं उगम पावणारी सावित्री पोलादपुरावरून महाडास येते आणि तेथें गांधारी तीस मिळते. २००५ च्या आणि २०२१ च्या जुलैंत महाडांत जे महापूर आले त्यांनीं घरांतील खालचे मजले बुडविले. २०२१ च्या त्याच पावसांत तळिये येथें दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. त्या शोकापुढें पुस्तकांचें नांव काढणेंहि संकोचाचें वाटतें. तरी पूर ओसरल्यावर चिखलांत जें कागदी द्रव्य गेलें, जमिनीचे उतारे, शाळेचे दाखले, लग्नाचीं छायाचित्रें, त्यांतच घरोघरच्या जुन्या अंकांचे गठ्ठेहि गेले असतील.

या हानीचें महत्त्व पैशापुरतें नाहीं. त्या अंकांच्या चौकटींत कोणा अनाम भाषांतरकारांनीं आफ्रिकेच्या रानाचें, समुद्रचांच्यांचें आणि जादूगाराचें मराठी घडविलें. पाठ्यपुस्तकाबाहेर मराठी आवडीनें वाचण्याची पहिली संवय पुष्कळ मुलांस तेथेंच लागली. भाषेच्या इतिहासांतील हें एक लहानसें प्रकरण आहे, आणि त्याचीं साधनें ग्रंथालयांत कमी, खाजगी घरांत अधिक आहेत. आज कांहीं रसिकांनीं अंकांच्या संगणकीय प्रतिकृति केल्या आहेत. त्यांत मजकूर व चित्रें टिकतात. कागदाचा पोत, छपाईचे सरकलेले रंग, मालकानें बालहस्तांत लिहिलेलें नांव हें मूळ प्रतींतच सांपडतें. संग्राहकास वेडा म्हणण्यापूर्वीं हें ध्यानांत घ्यावें कीं, सरकारी दप्तरानें जें जपलें नाहीं तें कित्येकदां अशाच वेड्यांनीं जपलें आहे.

मात्र माळ्यावरचा प्रत्येक गठ्ठा लाखमोलाचा असतो, या भ्रमांत कोणी राहूं नये. बहुतेक अंकांस सामान्य किंमतच येते, आणि चढ्या भावाच्या मोहानें नवी छपाई जुनी म्हणून विकणारेहि निघतात. जुना अंक हातीं आल्यास त्याचें सालमान पाहावें, पानें मोजावीं, तो ओल्या भिंतीपासून दूर, उंच फळीवर, कोरड्या पेटींत ठेवावा, आणि दर पावसाळ्यानंतर एकदां उघडून पाहावा. विकणें न विकणें हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. परंतु रद्दीच्या तराजूंत टाकण्यापूर्वीं गठ्ठ्याची दोरी सोडून आंत काय आहे एवढें तरी प्रत्येक कुटुंबानें पाहावें.