पदवी की अनुभव? रुरकी काय सांगते

"डिप्लोमा झालाय, साइटवर नोकरीही लागली आहे. आता डिग्री करू की अनुभव घेऊ?" असं तुमच्यापैकी बरेच जण मला विचारतात. आज या प्रश्नाचा इतिहास पाहू.

गंगेचा कालवा बांधणारे प्रोबी कॉटली हे मुळात तोफखान्याचे अधिकारी. इंजिनियरिंगची पदवी त्यांच्याकडे नव्हती. 1825 पासून यमुनेच्या दोआब कालव्यावर काम करता करता ते पाणी, उतार आणि माती शिकले. गंगा कालव्याचं खोदकाम 1842 मध्ये सुरू झालं आणि 1854 मध्ये त्यात पाणी सुटलं.

मग कॉलेज कशाला हवं होतं? कारण शेकडो मैलांच्या कालव्याला एकटे कॉटली पुरणार नव्हते. मोजणी करणारी, नकाशे काढणारी माणसं हवी होती. प्रत्येकाने वीस वर्षं कामावर शिकावं, एवढा वेळ कोणाकडे होता? म्हणून लेफ्टनंट गव्हर्नर थॉमसन यांच्या पुढाकाराने 1847 मध्ये रुरकीला कॉलेज निघालं. तेच आजचं आयआयटी रुरकी. सोलानी नदीवरून कालवा नेणाऱ्या पुलाचं काम तिथून जवळच चालू होतं.

म्हणजे पदवी आणि अनुभव यांचं मुळात भांडण नव्हतं. ते लागलं हुद्द्यामुळे. रुरकीत तीन वर्ग झाले: इंजिनियर, अप्पर सबॉर्डिनेट आणि लोअर सबॉर्डिनेट. तुम्ही कोणत्या वर्गातून बाहेर पडलात, त्यावर बांधकाम खात्यातली तुमची पायरी ठरायची. पुढे 1870 च्या दशकात इंग्लंडमध्ये कूपर्स हिल कॉलेज सुरू झालं आणि वरच्या बऱ्याच जागा तिथून भरल्या जाऊ लागल्या. ओव्हरसियरचा अनुभव कितीही वाढला, तरी साहेबाची खुर्ची सहसा लांबच राहायची.

खात्याबाहेरचं चित्र वेगळं होतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांकडेही इंजिनियरिंगची पदवी नव्हती. आधी मुंबईत ड्रॉइंगचे शिक्षक, मग बेळगावात सायकलींचं दुकान, नंतर लोखंडी नांगर आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी. शेतकरी नांगर घेताना सर्टिफिकेट विचारत नाही. नांगर जमिनीत नीट चालतो का, एवढंच बघतो.

माझं मत सांगतो. पदवीतून दोन गोष्टी मिळतात, ज्ञान आणि प्रवेशपत्र. ज्ञान कामावरही मिळतं, फक्त वेळ जास्त लागतो. प्रवेशपत्र मात्र कामावर मिळत नाही. म्हणून सरकारी खात्यात वर चढायचं असेल, तर डिग्री कराच. डिप्लोमावाल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आहे. स्वतःचं काही उभारायचं असेल, तर आधी हात चालवा. आणि डिग्री करत असाल, तरी सुट्टीत साइटवर जात राहा. रुरकीचं कॉलेज कालव्याच्या कामाशेजारी निघालं, ते उगीच नाही.

तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू.