सयामच्या दरबारांतील मुलाखत

परदेशीं जाऊन इंग्रजी शिकविण्याची नोकरी मिळवावयाची असेल तर उमेदवारानें तयारी तरी कशाची करावी? व्याकरणाची, उच्चारांची, कीं शिकविण्याच्या पद्धतीची? या प्रश्नाचा विचार करतांना १८६२ सालीं सयाम देशाच्या राजवाड्यांत झालेली एक मुलाखत ध्यानांत घेण्यासारखी आहे. सयाम म्हणजे आजचा थायलंड. आणि मुलाखतीस गेलेल्या विधवा बाई म्हणजे पुढें जगप्रसिद्ध झालेल्या ॲना लिओनोवेन्स. त्यांच्या चरित्रावर कादंबरी झाली, संगीत नाटक झालें, चित्रपटही निघाले. परंतु या बाईंचें मूळ गांव महाराष्ट्रांत होतें, ही गोष्ट मात्र त्यांच्या हयातींत जगाला कळली नाहीं. ती कळूं नये अशीच व्यवस्था त्यांनीं करून ठेविली होती.

प्रथम नोकरी देणाऱ्याची बाजू पाहूं. राजा मोंगकुट १८५१ सालीं गादीवर आला. त्यापूर्वीं सत्तावीस वर्षें तो बौद्ध भिक्षु म्हणून विहारांत राहिला होता. त्या अवधींत त्यानें पाली ग्रंथांचें अध्ययन तर केलेंच, पण फ्रेंच बिशप पालग्वा यांच्याजवळ लॅटिन आणि अमेरिकन मिशनऱ्यांजवळ इंग्रजी या भाषाही तो शिकला. ज्योतिर्गणिताची तर त्याला विलक्षण आवड होती. १८५२ च्या युद्धांत इंग्रजांनीं शेजारच्या ब्रह्मदेशाचा दक्षिण भाग गिळला, आणि १८५५ सालीं सर जॉन बाउरिंग यांच्याशीं तह करून सयामला आपली बाजारपेठ इंग्रजांस खुली करावी लागली. ज्यांच्याशीं तह करावयाचे त्यांची भाषा आपल्या मुलांना आली पाहिजे, हें त्या चतुर राजानें ओळखलें. पूर्वीं अमेरिकन मिशनऱ्यांच्या कुटुंबांतील तीन स्त्रिया राजवाड्यांत शिकविण्यास येत असत. परंतु धड्याबरोबर धर्मोपदेशही होऊं लागला, आणि तो क्रम बंद पडला.

म्हणून या खेपेस राजानें सिंगापूर येथील आपले वकील, चिनी व्यापारी टान किम चिंग, यांच्यामार्फत शिक्षिकेचा शोध चालविला. २६ फेब्रुवारी १८६२ रोजीं ॲनाबाईंना लिहिलेल्या पत्रांत त्यानें आपली अट स्पष्ट घातली. इंग्रजी भाषा, शास्त्रें व वाङ्मय हीं मनापासून शिकवावीं. मुलांना ख्रिस्ती करण्याचा उद्योग मात्र करूं नये. शिक्षिका कोणत्या कुळांतील आहे यापेक्षां ती काय शिकवील आणि काय शिकविणार नाहीं, याची चिंता त्या पत्रांत अधिक दिसते.

आतां उमेदवाराची बाजू. ॲनाबाई त्या वेळीं सिंगापुरांत इंग्रज अधिकाऱ्यांच्या मुलांसाठीं एक लहानशी शाळा चालवीत होत्या. त्यांनीं लोकांस सांगितलेली हकीकत अशी कीं, आपला जन्म १८३४ सालीं वेल्स प्रांतांत झाला, वडील सैन्यांत कॅप्टन होते आणि पति मेजर होते. खरी हकीकत अगदींच निराळी होती. त्यांचा जन्म नोव्हेंबर १८३१ मध्यें अहमदनगर येथें, म्हणजे आजच्या अहिल्यानगरांत, झाला. वडील थॉमस एडवर्ड्स हे साधे सार्जंट. मुलीच्या जन्मापूर्वींच ते वारले. आईच्या घराण्यांत हिंदी रक्त असावें असें चरित्रकार मानतात. मुंबई इलाख्यांतील लष्करी वस्तींत त्या वाढल्या आणि १८४९ च्या नाताळांत पुणें येथें थॉमस लिऑन ओवेन्स या कारकुनाशीं त्यांचा विवाह झाला. पतीच्या नांवाचे दोन भाग जोडून 'लिओनोवेन्स' हें भारदस्त आडनांव पुढें सिद्ध झालें. १८५९ सालीं पिनांग येथें पति वारले आणि दोन लहान मुलांचा भार बाईंवर पडला.

हा बनाव त्यांनीं कां केला, हें समजणें कठीण नाहीं. त्या काळच्या वसाहतींतील गोऱ्या समाजांत छावणींत जन्मलेल्या मिश्र वंशाच्या मुलीला मेमसाहेबांच्या पंक्तीस कोणीं बसूं दिलें नसतें, मग आपलीं मुलें तिच्या हातीं सोंपविण्याची गोष्ट दूरच. म्हणून बाईंनीं धड्यांची तयारी करण्याआधीं आपल्या जन्माचीच तयारी केली.

१८६२ च्या मार्चमध्यें त्या मुलगा लुई यास घेऊन बँकॉकला पोंचल्या. राजाच्या पहिल्या भेटीचें वर्णन त्यांच्या १८७० सालच्या पुस्तकांत आहे. राजानें एकदम वयच विचारलें. बाईंनीं गंभीर मुद्रेनें सांगितलें, दीडशें वर्षें. राजा क्षणभर गोंधळला. मग विनोद ध्यानांत येऊन हंसला आणि त्यानें जन्माचें साल विचारलें. बाईंनीं मनांत हिशेब करून १७८८ हें साल सांगितलें. मग राजानें लग्नाला किती वर्षें झालीं हें विचारलें, आणि शेवटीं नातवंडें किती, असा प्रश्न करून आपणच विजयी मुद्रेनें हंसूं लागला. १७८८ सालीं जन्मलेल्या माणसाचें वय १८६२ त चौऱ्याहत्तर होतें, दीडशें नव्हे; पण हिशेब कोणाला हवा होता? हें वर्णन बाईंच्याच लेखणींतून उतरलेलें असल्यामुळें त्यांत थोडें मीठमसाला असणारच. तरी एवढें खरें कीं, जो प्रश्न त्यांना सर्वांत अडचणीचा होता, तोच त्यांनीं थट्टेवारी नेल्याचें त्या सांगतात.

नोकरी मिळाली आणि ती पांच वर्षें टिकली. राजवाड्याच्या तटाबाहेर स्वतंत्र घर असावें हा आग्रहही बाईंनीं शेवटास नेला. राजाचीं मुलें व अंतःपुरांतील स्त्रिया त्यांच्याजवळ शिकत. राजाच्या इंग्रजी पत्रव्यवहारांतही त्यांचें साह्य होई. त्यांचा विद्यार्थी चुलालोंगकोर्न १८६८ सालीं राजा झाला. त्यानें १८७४ पासून पायरीपायरीनें गुलामगिरी मोडण्यास आरंभ केला आणि १९०५ सालीं तिचा शेवट केला. या सुधारणेचें सर्व श्रेय शिक्षिकेला देणें इतिहासाला धरून होणार नाहीं. परंतु धर्मोपदेश न करतां भाषा शिकविण्याची अट ज्या बाईंनीं पाळली आणि तापट स्वभावाच्या राजाजवळ पांच वर्षें काढलीं, त्यांचें अध्यापन कांहींच कमी प्रतीचें नव्हतें. या कामीं वेल्समधील जन्माचा उपयोग झाला नाहीं. नाना भाषांच्या व नाना धर्मांच्या लोकांत गेलेल्या बालपणाचाच झाला असला पाहिजे.

असत्याची किंमत मात्र त्यांना आयुष्यभर द्यावी लागली. सख्ख्या बहिणीशीं त्यांनीं संबंध तोडले. १८८४ सालीं हिंदुस्थानावर पुस्तक लिहिलें, तेंही विलायतेहून नव्यानेंच आलेल्या प्रवाशाच्या दृष्टीनें. त्यांत मुंबई आली, पण जन्मगांवाची लेक मात्र आली नाहीं. १९१५ सालीं कॅनडांतील माँट्रिअल येथें त्यांचा देहान्त झाला. पुढें एकसष्ट वर्षांनीं, १९७६ त, ब्रिस्टो या इंग्रज लेखकाचें लुईवरील पुस्तक प्रसिद्ध झालें आणि हें गुपित उघडकीस आलें.

आजही पूर्वेकडील देशांत इंग्रजी शिकविण्यास जाऊं इच्छिणाऱ्या तरुणांस हा अनुभव येतो. दक्षिण कोरियांत भाषाशिक्षकाचा परवाना मुख्यतः सात इंग्रजीभाषी देशांच्या नागरिकांनाच मिळतो. अन्यत्रही जाहिरातींत इंग्रजी ही जन्मभाषा असावी अशी अट पुष्कळदां आढळते. पुण्यांत किंवा नागपुरांत वीस वर्षें इंग्रजी शिकविलेला शिक्षक तेथें मागें पडतो आणि कधींही फळ्यापुढें उभा न राहिलेला तरुण पुढें जातो. ॲनाबाईंनीं या अटीपुढें मान तुकवून आपलें गांव लपविलें. दोष त्यांचा होता, यांत शंका नाहीं; परंतु उत्तम शिक्षिकेला खोटें बोलल्यावांचून शिकवूं न देणाऱ्या समाजाचा दोष त्याहून मोठा होता. मुलाखत घेणाऱ्यानें गांव विचारावें, वयही विचारावें. पण निवड करतांना आधीं पाहावा तो धडा.