फुलांची हुंडी

पेशवाईंत पुण्याच्या सराफाकडे भरलेली रक्कम यात्रेकरूस काशींत मिळे. नाणें जागचें हलत नसे, सराफाची पत तेवढी प्रवास करी. फुलांच्या बाबतींत हीच युक्ति बर्लिनचे पुष्पविक्रेते मॅक्स ह्युब्नर यांनीं १९०८ सालीं अमलांत आणली. तत्पूर्वीं दूरच्या आप्तांस धाडलेलीं फुलें आगगाडींतच कोमेजत. आतां पत्रानें वा तारेनें केवळ मागणी जाऊं लागली, आणि राइनकांठच्या एखाद्या लहानशा गांवीं आजारी मातेच्या उशाशीं ठेवावयाचा गुच्छ तेथलाच फुलवाला ताज्या फुलांचा बांधूं लागला. १९१० सालीं अमेरिकेंतील पुष्पविक्रेत्यांनींहि असाच संघ स्थापिला. मात्र पैसे देणाऱ्यास गुच्छ कधींच दिसत नसे. म्हणून या व्यवहाराचें खरें भांडवल फुलें नव्हत, तर न पाहिलेल्या माणसाचा प्रामाणिकपणा होय.