किलिकियाची आर्मेनियन नाणी

किलिकियाच्या आर्मेनियन राज्यात, म्हणजे आजच्या दक्षिण तुर्कस्तानच्या भूमध्य किनारपट्टीवर, बाराव्या शतकाच्या अखेरीपासून १३७५ पर्यंत पाडलेली नाणी. त्याआधी मूळ आर्मेनियात, आनी या राजधानीच्या बाग्रातुनी राजघराण्याने मोठमोठी चर्च उभारली, पण स्वतःची नाणी पाडली नाहीत. तिथला व्यवहार बायझंटिन आणि अरबी नाण्यांवर चाले. आर्मेनियन लिपीतले नाणे अकराव्या शतकात लोरी या छोट्या आर्मेनियन राज्याच्या क्युरिके राजाने काढले, तेही तांब्याचे. सलग परंपरा किलिकियाचीच.

पहिल्या लेवोनचा (मृ. १२१९) राज्याभिषेक तार्ससला झाला. त्याच्या ‘त्राम’ या सुमारे ३ ग्रॅम वजनाच्या चांदीच्या नाण्यावर सिंहासनावर बसलेला राजा, तर मागे क्रूसाच्या दोन बाजूंना दोन सिंह आहेत. भोवती ‘लेवोन, आर्मेनियनांचा राजा’ असा मुद्रालेख. तांब्याच्या ‘तांक’वर मुकुटधारी सिंहाचे मस्तक आहे.

लेवोनला मुलगा नव्हता. वारस होती कन्या झाबेल. तिचा पहिला पती, अँटिओकचा फिलिप, कैदेत मेला आणि १२२६ मध्ये राज्याचा कारभारी कॉन्स्टंटाइन याने तिचे लग्न आपला मुलगा हेतुम याच्याशी लावले. या दोघांचा त्राम या मालिकेतले सर्वांत बोलके नाणे आहे. मुकुट घातलेले राजाराणी शेजारी उभे असून मधला लांब दांड्याचा क्रूस दोघांनी मिळून धरला आहे. सत्तेचा हक्क राणीकडून आला, म्हणून तिची आकृती राजाच्या बरोबरीची. मुद्रालेखात नाव मात्र एकट्या हेतुमचे. याच हेतुमने द्विभाषी त्रामही पाडले: एका बाजूला घोडेस्वार राजा व आर्मेनियन अक्षरे, दुसरीकडे अरबीत सेल्जुक सुलतान कैकुबाद किंवा कैखुस्रौ याचे नाव. मांडलिकत्वाची इतकी उघड कबुली क्वचितच आढळते. १२४३ मध्ये कोसे दागच्या लढाईत मंगोलांनी सेल्जुकांना मोडले आणि लवकरच ही नाणी थांबली.

पुढे १२८५ च्या तहाने किलिकियाला इजिप्तच्या मामलुक सुलतानांना वार्षिक खंडणी द्यावी लागली. चौदाव्या शतकातल्या ओशिन, चौथा लेवोन आदी राजांच्या ‘ताकवोरिन’ या चांदीच्या नाण्यांत चांदी घटत गेली. काहींवर मामलुक सुलतानाच्या नावाचा अरबी ठसा वरून मारलेला दिसतो. तांब्याचे लहान ‘पोघ’ शेवटपर्यंत निघत होते. १३७५ मध्ये राजधानी सिस मामलुकांच्या हाती पडली. या राज्याची सोन्याची नाणी अत्यंत दुर्मिळ आहेत.

पॉल बेदुक्यान यांनी १९६२ मध्ये या नाण्यांची सविस्तर सूची प्रसिद्ध केली. संग्राहक आजही तिच्याच क्रमांकांनी नाणी ओळखतात.